क्लँडन पार्कच्या भिंती उघड्याच राहू द्याव्यात

इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या क्लँडन पार्क या आगीत जळालेल्या वाड्याची पूर्ण पुनर्बांधणी न करण्याच्या, वारसावास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निर्णयावर टीका करणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. त्यातील मत पटले नाही.

‘वाडा होता तसा उभारा’ असे लेखक म्हणतात, पण कोणत्या काळातला? व्हेनिसचा वास्तुरचनाकार जाकोमो लिओनी याने 1730च्या सुमारास उभारलेल्या या लाल विटांच्या इमारतीला एकोणिसाव्या शतकात दर्शनी बाजूस घोडागाड्यांसाठी छतदार देवडी जोडली गेली, आणि आतल्या दालनांतही प्रत्येक पिढीने आपल्या सोयीने फेरफार केले. एप्रिल 2015च्या आगीत छत आणि मजले कोसळले. ‘स्पीकर्स पार्लर’ हे एकच दालन बहुतांशी बचावले. 1989 साली जळालेल्या अपपार्क या इंग्लंडमधल्याच दुसऱ्या वाड्याचा दाखला लेखात असायला हवा होता, कारण तिथे तळमजल्यावरचे बरेचसे सामान वेळीच बाहेर काढता आल्यामुळे जीर्णोद्धाराला अस्सल आधार मिळाला. क्लँडनमध्ये तसा आधार फारच थोडा उरला आहे.

उलट गिलावा गळून पडल्यामुळे मूळ गवंड्यांचे विटांचे थर आणि भिंतींतली लाकडे आता उघडी दिसतात. नव्या गिलाव्याखाली ती पुन्हा झाकणे हे वारशाचे मोठेच नुकसान ठरेल. अर्थात, या भिंतींवर भक्कम छप्पर घालण्यात ट्रस्टने कसूर करता कामा नये, कारण उघड्या विटा तिथल्या पावसात आणि हिमात फार काळ तग धरत नाहीत.

– एक वाचक, पुणे