मुलांच्या चित्रफितींना उत्तर कोण देणार?

संपादक महोदय,

तरुण मुलांचे रील्सचे वेड, त्यापायी होणारे अपघात आणि वाया जाणारा वेळ यांविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अधूनमधून काळजीची पत्रे येतात. ती काळजी रास्तच आहे. मात्र महापालिकेच्या शाळेत अनेक वर्षे मराठी शिकवल्यानंतर आणि निवृत्त झाल्यावर पर्वतीच्या बाजूच्या वस्त्यांमधील मुलामुलींबरोबर मोबाईलवर छोट्या चित्रफिती बनवण्याचे काम करताना माझे असे मत झाले आहे की, मुलांच्या हातातला मोबाईल काढून घेण्याच्या चर्चेत आपण जेवढी शक्ती घालवतो, तेवढी त्यांना जे सांगायचे आहे ते ऐकून घेण्यात आणि त्याला उत्तर देण्यात घालवायला हवी. चित्रीकरणाचे साधन आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे, पण मुलांनी काही बनवले तर ते बसून पाहणारे आणि त्यावर जबाबदारीने बोलणारे कोणी नाही.

मी ज्या कामाविषयी लिहिते आहे ते अगदी साधे आहे. पाच-सहा मुलांचा गट आपल्याच वस्तीतला एखादा विषय निवडतो, कागदावर चौकटी आखून कोणत्या चौकटीत काय दिसेल आणि काय ऐकू येईल हे ठरवतो, आणि तीन-चार मिनिटांची चित्रफीत तयार करून ती सर्वप्रथम वस्तीतच दाखवतो. सर्वांत जास्त कष्ट पडतात ते आवाजासाठी. कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही आणि बोळातून जाणाऱ्या दुचाकी यांच्यामध्ये शांतता मिळणे अशक्य असते, म्हणून मुले डोक्यावरून गोधडी घेऊन आत निवेदन रेकॉर्ड करतात आणि घामाघूम होऊन बाहेर येतात. निबंधाच्या वहीत पाच ओळींच्या पुढे कधी न गेलेला मुलगा इथे एका शब्दासाठी मित्रांशी अर्धा तास भांडताना मी पाहिला आहे. मराठीच्या तासाला मला जे क्वचितच साधले, ते इथे मुले आपणहून करत होती. अडचण येते ती मुलींची. त्यांच्या हक्काचा फोन बहुधा नसतो. वडील किंवा भाऊ कामावरून परतल्यावर तासाभरासाठी जो मिळेल तो, आणि गट मिश्र असला की कॅमेरा पाहता पाहता मुलांच्या हाती जातो. त्यामुळे कॅमेरा कोणी धरायचा याची पाळी मोठ्यांनी लावून द्यावी लागते. एरवी मोठ्यांनी शक्य तेवढे दूर राहावे.

एका वस्तीतील दहावीच्या मुलीने निवडलेला विषय होता सार्वजनिक शौचालयाच्या दाराची कडी. कडी तुटलेली असल्यामुळे मुली एकट्या जात नाहीत. एक आत गेली की दुसरी बाहेरून दार ओढून धरते. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने सुचवले की, काही महिलांच्या मुलाखती घ्याव्यात आणि शेवटी स्वच्छतेची घोषणा टाकावी. ती मुलगी मला म्हणाली, “बाई, मला कुणाचं तोंड दाखवायचं नाही. नुसता हात दाखवायचा.” तिने खरोखरच तेवढेच दाखवले. दाराच्या फटीत घट्ट रुतलेली चार बोटे, जमिनीवर ठेवलेली बादली, चपलांचे दोन जोड, आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलीचे “झालं का गं?” हे पुन्हा पुन्हा विचारणे. समाजमंदिरात पांढऱ्या चादरीवर ती फीत दाखवली तेव्हा वस्तीतले एक ज्येष्ठ गृहस्थ उठून म्हणाले की, हे कोणी आम्हाला आधी का सांगितले नाही. त्यावर मुलीची आई म्हणाली, “दरवर्षी सांगतोय की.” पुढच्याच आठवड्यात वस्तीतल्या वेल्डिंगवाल्याने पैसे न घेता कड्या बसवून दिल्या. शौचालयाबाहेरच्या दिव्याचे काम मात्र वस्तीच्या हातातले नव्हते, आणि ते ज्यांच्या हातात होते त्यांच्यापैकी, निमंत्रण देऊनही, कोणी पाहायला आले नाही. तो दिवा अजून लागलेला नाही.

माझे म्हणणे या न लागलेल्या दिव्याविषयी आहे. तरुणांना व्यासपीठ देण्याच्या नावाखाली आपल्याकडे चित्रफितींच्या स्पर्धा होतात, पण विषय आयोजकांनी ठरवलेले असतात. पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा, व्यसन सोडा. हे विषय वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु मोठ्यांची वाक्ये मुलांच्या तोंडून वदवून घ्यायची आणि सर्वाधिक पसंती मिळालेल्या फितीला ढाल द्यायची, याला मुलांची अभिव्यक्ती म्हणता येत नाही. त्यातून मुले एवढेच शिकतात की बक्षीस मिळेल असे बोलावे.

ऐकून घेण्याची आणि उत्तर देण्याची रीत कशी असते याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांतात फोगो नावाचे मच्छीमारांचे बेट आहे. तेथील लोकांना अन्यत्र हलवावे असा सरकारी विचार चालू असताना, 1967 साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी तेथील विद्यापीठाच्या साहाय्याने बेटावरच्या लोकांच्या बोलण्यावर छोटे छोटे चित्रपट तयार केले. चित्रीकरण व्यावसायिकांनी केले होते हे खरे, पण आपले चित्रीकरण आधी पाहण्याचा आणि नको असलेला भाग वगळण्याचा अधिकार बेटवासीयांना होता. हे चित्रपट गावोगावी दाखवून त्यांवर चर्चा झाली, ते प्रांताच्या मंत्र्यांना दाखवले गेले, आणि मंत्र्यांचे उत्तरही चित्रित करून बेटावर परत आणून दाखवले गेले. पुढे बेटावरच्या लोकांनी सहकारी संस्था उभी केली आणि ते तेथेच राहिले. उत्तर चित्रित होऊन परत आले, हा या सर्व प्रक्रियेचा कणा होता असे मी मानते. आपल्या देशातही 1984 साली अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतील भाजीविक्रेत्या आणि अन्य कष्टकरी स्त्रियांनी व्हिडिओ चित्रीकरण शिकून घेतले. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्या काळातील यंत्रे आजच्या मोबाईलपेक्षा कितीतरी अवजड होती.

पुण्याला तर या कामासाठी बाहेरून काहीच आणावे लागणार नाही. प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापुरातून येथे आली, तिच्याच आवारात 1960 साली चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच शहरात स्थापन झाले. महाविद्यालयीन मुलांसाठी 1963 पासून पुरुषोत्तम करंडक आहे, आणि भरत नाट्य मंदिरात आपल्या महाविद्यालयाची एकांकिका पाहायला येणारे, तिच्यावर तावातावाने बोलणारे रसिक या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वस्तीतल्या, महापालिका शाळांतल्या, शाळा सुटून कामाला लागलेल्या मुलांसाठी असे काही नाही, आणि त्यांतली बरीच मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचतच नाहीत. याच पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 साली ‘ज्ञानोदया’ने तो छापला. तिला विषय दुसऱ्या कोणी दिला असता तर ते दुःख त्या धारदार भाषेत उतरले नसते, आणि छापणारे नियतकालिक नसते तर आज आपल्याला तिचे नावही माहीत नसते.

यासाठी माझी पहिली विनंती महापालिकेला आहे. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने वर्षातून निदान दोन वेळा आपल्या हद्दीतील मुलांनी बनवलेल्या चित्रफिती वस्तीतच, समाजमंदिरात किंवा शाळेच्या सभागृहात पाहाव्यात, त्या वेळी संबंधित विभागाचे अभियंते किंवा अधिकारी हजर असावेत, आणि काय करता येईल, काय येणार नाही व का, हे त्यांनी ठरावीक मुदतीत मुलांच्याच कॅमेऱ्यासमोर सांगावे. नकार असला तरी चालेल, पण तो समोरासमोर आणि कारणांसह मिळावा. खर्च प्रोजेक्टर, एखादा साधा माइक आणि मोबाईलचा स्टँड एवढाच आहे, आणि प्रोजेक्टर तर आता अनेक शाळांमध्ये आहेत.

दुसरी विनंती गणेश मंडळांना आहे. जिवंत देखाव्यांच्या निमित्ताने कार्यकर्ते महिनाभर तालमी करतात, आवाज रेकॉर्ड करतात, आणि रात्री उशिरापर्यंत गर्दी उभी राहून तो देखावा पाहते. दहा दिवसांतील एक संध्याकाळ आपल्याच भागातील मुलांच्या चित्रफितींसाठी राखून ठेवली, तर मांडव, वीज आणि प्रेक्षक हे तिन्ही आयते मिळतील.

एक दक्षता मात्र कोणत्याही उत्साहात सुटता कामा नये. या फिती समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई आयोजकांनी करू नये. ज्यांचा चेहरा किंवा घर दिसते त्यांची, आणि 18 वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांचीही, लेखी संमती घ्यावी. बालहक्कांविषयीच्या 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, जो भारताने 1992 साली स्वीकारला, मुलांना आपल्या पसंतीच्या कोणत्याही माध्यमातून व्यक्त होण्याचा हक्क दिलेला आहे. व्यक्त होण्याच्या या हक्कात काय दाखवायचे नाही हे ठरवण्याचा हक्कही येतो असे मी मानते, आणि कडीची फीत बनवणाऱ्या मुलीने तो कोणी न शिकवता बजावला. तिच्या इच्छेवरून ती फीत आम्ही वस्तीबाहेर कोठेही दाखवलेली नाही. संबंधित कार्यालयातील अधिकारी पाहायला येणार असतील, तर समाजमंदिरात ती पुन्हा लावायला तिची तयारी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सहकारनगर, पुणे