बाबा, पाठीवरचा तो चौकोनी डाग डॉक्टरांना दाखवा

बडोदे, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हो हो, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून आज लिहूनच पाठवतेय. आई, तू चष्मा लावून मोठ्यानं वाच, आणि बाबा मधेच पोहे आणायला जातो म्हणून उठले तर जाऊ देऊ नकोस.

डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगून दीड महिना झाला. आधी म्हणालात गणपती होऊ देत, मग नवरात्र, आणि परवा खरं कारण बाहेर आलं, की रामबागेत संध्याकाळी बसता तिथं कुणीतरी सांगितलं त्या मशीनचं रेडिएशन अंगात साठून राहतं आणि एकदा झालंय तर दुसऱ्यांदा मुळीच करू नये. बाबा, पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलंत हो तुम्ही! खोलीतला दिवा बंद केला की उजेड भिंतीत साठून राहतो का? डॉक्टरांनी मशीनच्या पेडलवरचा पाय उचलला की एक्स-रे संपला, अंगात काही उरत नाही, तुम्ही घरी येऊन नातीला मांडीवर घेतलंत तरी तिला काही होत नाही. जे काय नुकसान व्हायचं ते किरण आरपार जातानाच होतं, आणि पुढे कधीतरी कॅन्सर व्हायची शक्यता त्यानं किंचित वाढते हे खरंय, मी खोटं सांगणार नाही. पण किती ते बघा ना. साध्या अँजिओग्राफीला ढोबळमानानं ७ मिलीसिव्हर्ट (अंगाला मिळणारं रेडिएशन मोजायचं माप) धरतात, स्टेंट टाकला तर त्याच्या दुप्पट. आणि माती, हवा, आकाश, खाणंपिणं यातून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिळतंच, म्हणजे अँजिओग्राफी झाली तीन वर्षांच्या फुकटच्या रेडिएशनएवढी. बहात्तराव्या वर्षी, जिना चढताना दोनदा थांबावं लागत असताना, या हिशोबात कुठलं पारडं जड ते तुम्हीच सांगा.

पण मला जे सांगायचंय ते हे नाहीये. तुम्हाला भलत्याच गोष्टीची भीती वाटतेय आणि जी गोष्ट डॉक्टरांना सांगायला हवी ती तुम्ही विसरून गेलाय.

२०१७ ची तुमची अँजिओप्लास्टी आठवा. हृदयाची उजवी नस पूर्ण बंद होती, तासाभरात होईल म्हणाले होते आणि तीन तास लागले, आई बाहेर बाकावर जप करत होती आणि मी चहा आणून आणून दमले. घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी उजव्या खवाट्याखाली लाल डाग उठला, खाज यायची. आई म्हणाली बेडशीटच्या साबणाची ॲलर्जी, शेजारच्या काकूंनी नायट्याचं मलम दिलं, फॅमिली डॉक्टरांनी पण दुसरं मलम दिलं. मी तेव्हा कोर्सच्या पहिल्या वर्षाला होते, एक्स-रेत हाड दिसतं एवढीच अक्कल. पण एक गोष्ट तेव्हाही विचित्र वाटली होती, तो डाग चौकोनी होता. पत्त्याएवढा, कडा सरळ. नायटा कधी चौकोनी असतो का?

पुढे कॅथलॅबमधे, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, कामाला लागले आणि पहिल्याच महिन्यात आमच्या सिनिअरनी मशीन समजावताना सांगितलं की ट्यूब टेबलच्या खाली असते, किरण पाठीतून आत शिरतात, म्हणून सगळ्यात जास्त डोस पेशंटच्या पाठीच्या कातडीला बसतो. उजवी नस बघायला मशीन डावीकडे कलंडवतात तेव्हा खालची ट्यूब बरोबर उजव्या खवाट्यामागे येते. किरणांची खिडकी चौकोनी, म्हणून डाग पण चौकोनी. मी तिथे उभ्या उभ्या गार पडले, डोळ्यासमोर तुमची पाठ आली.

साधारण २ ग्रेच्या (कातडीला बसलेला डोस यात मोजतात) पुढे कातडी लाल व्हायला सुरुवात होऊ शकते आणि टिकणारा डाग लगेच नाही, दिवसांनी, आठवड्यांनी उठतो, म्हणून तर कुणाला त्याचा संबंध अँजिओप्लास्टीशी लागत नाही. साध्या अँजिओग्राफीत एवढं होत नाही, लांबलेल्या, अवघड केसमधे होतं, आणि पेशंटचं अंग भरलेलं असेल तर अजून लवकर, कारण जाड अंगातून आरपार जायला मशीन आपोआप जोर वाढवतं (पोट कमी करा म्हणते ते काय उगाच). नस वाचवायला तेवढा वेळ लागतच असेल तर लागू दे, त्याबद्दल माझी तक्रार नाहीये. तक्रार ही आहे की तेव्हा आपल्याला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही, डिस्चार्ज पेपरवर डोसचा आकडा सुद्धा नाही, मी फाईल तीनदा चाळलीये.

म्हणून आता मी मशीनच्या कन्सोलवर बसते तेव्हा गप्प बसत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात डोसचा आकडा वाढत असतो, ३ ग्रे झाले की मी माईकवरून मोठ्यानं सांगते, मग पुढच्या प्रत्येक ग्रेला सांगते. दर पाच मिनिटांच्या फ्लुरोला (नळी कुठे आहे ते बघायचा चालू एक्स-रे) मशीन बोंबलतं आणि ते बटन दाबून गप्प करायची सगळ्यांना इतकी सवय झालेली असते की एकदा एक सर वैतागून म्हणाले "बंद कर गं ते", मी बंद केलं आणि तोंडानं मिनिटं सांगितली. रागावले, पण मग मशीनचा अँगल बदलला, खिडकी लहान केली, डिटेक्टर पेशंटच्या छातीजवळ आणला. एवढंच तर करायचं असतं! एकाच जागी मारा नको, लागेल तेवढंच बघा, आणि सिने रन, म्हणजे रेकॉर्ड करायचे शॉट, कमी घ्या, कारण त्यात फ्लुरोच्या दहापट तरी डोस जातो. आणि ५ ग्रेच्या वर गेलं तर घरच्यांना सांगून ठेवायचं की महिनाभर पाठ बघत जा.

आई, आता तुझा प्रश्न, रोज त्या खोलीत उभं राहून तुझं काय. बाबांनी आम्हाला दहावीत मेणबत्ती आणि आलेखाचा कागद घेऊन शिकवलं होतं ना, अंतर दुप्पट तर उजेड एक चतुर्थांश, माझी अर्धी नोकरी त्या मेणबत्तीवर चाललीये. आम्हाला जे रेडिएशन मिळतं ते मुख्यतः पेशंटच्या अंगावर आदळून इकडेतिकडे उडालेलं असतं, त्यामुळे सिने चालू झालं की दोन पावलं मागे. अंगावर लेड एप्रन, गळ्याला थायरॉईड कॉलर, डोळ्यांना लेडचा चष्मा, वरून लटकणारी काच, टेबलाला लेडची झालर. एप्रन पाच-सहा किलोचं, कंबर जाते त्यानं, ते मात्र खरं. आणि घडी करून कुणी खुर्चीवर टाकलं की मी भांडते, आतलं लेड चिरतं आणि बाहेरून दिसत पण नाही. एप्रनच्या आत छातीशी रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलीसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, माझ्या नावासमोर बहुतेक वेळा शून्यच येतं. चिऊच्या वेळी मी दुसऱ्याच महिन्यात लेखी कळवलं होतं, कारण कळवल्यानंतर बाळाला १ मिलीसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नसतं, आणि मला रिकव्हरीत, म्हणजे केस झालेल्या पेशंटच्या खोलीत, टाकलं होतं. तुला तेव्हा सांगितलं नाही कारण तू पहिल्या गाडीनं आली असतीस.

बाबा, एक गंमत सांगते तुमच्यासाठी. १९२९ मधे जर्मनीत फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरला हृदयात नळी घालून बघायची होती, साहेबानं नाही म्हटलं. यानं नर्सला पटवलं, ती म्हणाली माझ्यावर कर, तिला टेबलाला बांधलं आणि गुपचूप स्वतःच्याच हातातून नळी घातली, मग तिला सोडवून दोघं चालत खाली एक्स-रेच्या खोलीत गेले आणि आरशात स्क्रीन बघत त्यानं नळी हृदयापर्यंत ढकलली. १९५६ ला नोबेल मिळालं. तुम्हाला तर नुसतं हात ताठ ठेवून पडायचंय!

तर आता कामाचं. मी शुक्रवारी रात्री अवंतिका एक्सप्रेसमधे बसते, शनिवारी सकाळी इंदूरला. सोमवारची तारीख घेऊन ठेवा. डॉक्टरांना शर्ट काढून तो डाग दाखवायचा, मागची केस किती वेळ चालली ते सांगायचं, म्हणजे ते त्याच जागी पुन्हा किरण पडणार नाहीत असे अँगल निवडतील. आणि त्या डागाचा तुकडा काढून तपासू म्हणाले कुणी तर आधी मला फोन, तिथली जखम भरायला फार त्रास होतो. साखरेची (डायबिटीसची) गोळी आणि किडनीचा रिपोर्ट ही नसेत सोडतात त्या डायची भानगड आहे, रेडिएशनची नाही, गोळी कधी थांबवायची ते त्यांनाच विचारा.

आई, जुनी फाईल लोखंडी कपाटात शालूच्या खाली आहे, सीडी तिच्यातच चिकटलेली असेल, ओढू नकोस. आणि उद्या सकाळी बाबांना खिडकीपाशी पाठमोरं उभं करून डागाचा फोटो काढ, फ्लॅश नको, शेजारी एक रुपयाचं नाणं धर म्हणजे मला मोजता येईल.

तुमची,
मनू