काकडी कडू निघाली, त्याबद्दल

दापोली,
१२ जून

प्रिय मंदा,

तुझं पत्र परवा मिळालं. काकडी कडू निघाली म्हणून सासूबाईंनी शेजारच्या कारल्यावर खापर फोडलं आणि तू विळा घेऊन निघालीस! थांब गं बाई. माझी आईसुद्धा दोन्ही वेल लांब लांब लावायची. पण कारल्याचा आणि काकडीचा संकर होतच नाही. चूक पाण्याची आहे.

मी दोन उन्हाळे हेच भोगलंय. शाळेतून आले की घाईघाईने बादलीभर पाणी ओतायचं आणि मग दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही. माती भेगाळायची, वेल माना टाकायचा. मी मात्र बियाणेवाल्याला शिव्या घालत होते! उन्हात वेलाची तहान भागली नाही की कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं आणि ते देठाकडे नि सालीखाली जास्त साठतं. म्हणून तर आपण देठाचा तुकडा कापून फेस येईपर्यंत चोळतो. त्या चोळण्याने किती कडूपणा जातो देव जाणे. मी सरळ दोन बोटं तुकडा टाकते आणि साल जाड काढते.

आता रोज सकाळी बुंध्याशी बेताचं पाणी, मे महिन्यात संध्याकाळीही. पानं भिजवत नाही, नाहीतर त्यांच्यावर केवडा रोग पडतो. आळ्यात वाळका पाला पसरते, ओल टिकते. तुझ्या गच्चीवरच्या कुंड्या लहान आहेत, त्या आधी बदल.

पहिली फुलं गळाली म्हणून लिहिलंस, ती नर फुलं. ज्या फुलामागे इवलीशी काकडी दिसते ते मादी. तिथे मधमाश्या फिरकल्या पाहिजेत, तेव्हा औषध मारू नकोस.

आणि काकडी कोवळी असतानाच तोड. 'अजून जरा वाढू दे' म्हणत तू ती पिवळी करतेस, मग बिया टणक होतात, आणि वेल नवी फळं धरायला कुरकुरतो. आमचं पावसाळी तवसं, म्हणजे मोठी काकडी, तेवढं अपवाद! ते चांगलं जून झालं की किसून, गूळ नि तांदळाचा रवा घालून तवसोळी करायची.

सोबत इथल्या कृषी विद्यापीठाच्या 'शीतल' जातीचं बी पाठवतेय. पाऊस लागला की एका आळ्यात तीन-चार टाक, जोमदार दोन रोपं ठेव.

कारल्याचा वेल मात्र राहू दे. श्रावणात येणार आहे मी, तुझ्या हातचं कारल्याचं पंचामृत खायला.

तुझी,
सुमन