नकाशावर आरोग्य खात्याचीही सही हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड या वसाहती रस्ते-रेल्वे प्रकल्पांत घरे गेलेल्या कुटुंबांसाठी उभारल्या गेल्या. सात-आठ मजली इमारती, दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर, 225 चौरस फुटांची घरे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या 2018 च्या अभ्यासात या दोन वसाहतींची तुलना मोकळ्या आखणीच्या पीएमजी कॉलनीशी केली होती. ऊन-वारा शिरत नाही अशा घरांत, त्यातही खालच्या मजल्यांवर, क्षयरोग जास्त आढळला. म्हणजे रुग्णाने सहा महिने नेमाने गोळ्या घ्यायच्या आणि दिवसाही दिवा लावावा लागतो त्याच खोलीत घरच्यांसोबत राहायचे.

मुंबईला हे नवे नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने बांधली त्याहून जास्त घरे पाडली, हे खरेच. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण उजेडासाठी त्याने एक साधा नियम धरला होता : खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा चढी नसावी. सोप्या हिशेबात, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये हवे. आठ मजली म्हणजे साधारण 24 मीटर उंच इमारतीसमोर 12 मीटर. आपण सोडले तीन. तेही चोरून नव्हे, तर पुनर्वसनाच्या घरांसाठी मोकळ्या जागेच्या अंतरात रीतसर सवलत देऊन!

आजाराचे मूळ दवाखान्याबाहेर असते, हे सरकारला अगदीच अमान्य आहे असे नाही. क्षयरुग्णाच्या आहारासाठी 2018 पासून निक्षय पोषण योजनेत दरमहा 500 रुपये मिळू लागले, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. आहाराचे पटले, मग घराचे का पटत नाही? माझ्या मते कारण सरळ आहे. पैसे खात्यात टाकता येतात. अंतर वाढवायचे तर चटईक्षेत्र, म्हणजे बांधता येणारी जागा, सोडावे लागते, आणि ते सोडायला कोणी तयार नसते.

कॅनडातील क्युबेक प्रांताच्या 2001 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात, लोकांच्या आरोग्यावर मोठा परिणाम होऊ शकेल असा कोणत्याही खात्याचा कायदा वा नियम करताना आरोग्यमंत्र्यांचा सल्ला घेण्याची तरतूद आहे. आपल्याकडे अग्निशमन दलाच्या ना-हरकतीशिवाय उंच इमारत उभी राहत नाही. आगीला जो मान आहे तो क्षयाला मिळायला काय हरकत आहे?

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा, कारण धारावीचा पुनर्विकास सुरू आहे. तिथेच घर मिळण्यास अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी देवनार कचराभूमीतील सुमारे 124 एकर जमीन देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. 1927 पासून कचरा पडत आलेल्या जागेवर, तेही गोवंडी-मानखुर्द ज्यात येतात त्याच एम-पूर्व विभागात! तिथली हवा, जमिनीतून निघणारा वायू, इमारतींतील अंतर यांवर महापालिकेच्या आरोग्य खात्याचे लेखी मत बांधकामाच्या मंजुरीआधी घ्यावे आणि ते लोकांना वाचायला मिळावे. मत डावलायचे असेल तर डावलणाऱ्याने कारणे लिहून सही करावी.

त्यासाठी नवे सर्वेक्षणही लागणार नाही. प्रत्येक क्षयरुग्णाचा पत्ता निक्षय या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत नोंदवलेला असतो. नावे वगळून इमारत आणि मजल्यानुसार त्यांची संख्या नियोजन विभागाच्या नकाशावर मांडणे, हे विभाग कार्यालयात आहे त्या कर्मचाऱ्यांत होण्यासारखे काम आहे.

– एक वाचक, चेंबूर, मुंबई