सोडतीत लागलेली सायकल

टोलिडो, ओहायो
28 डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. हे आधीच लिहिते, म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल. रविवारी फोन होतोच, पण फोनवर मी "सगळं ठीक" म्हणते, आई "आवाज का बसलाय" विचारते आणि पंधरा मिनिटं त्यातच जातात. शिवाय बाबांना पत्र हातात धरून वाचायला आवडतं.

थंडीची काळजी नको. घरात, ऑफिसात, गाडीत हीटर आहे. मधली चार पावलं काय ती बोचतात. बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात आणि मी हळूच चालवते. आणि नाताळला मी एकटी नव्हते. परदेशात सणाला पोरी खोलीत रडत बसतात असं मावशीने तुला सांगितलंय, तसं काही झालं नाही. घरमालकीणबाईंनी सकाळीच खाली बोलावलं होतं. माझ्यापुरतं शाकाहारी वेगळं केलं होतं, त्यामुळे तोही प्रश्न आला नाही.

इथल्या एका पद्धतीने मात्र मला फार कोड्यात टाकलं. नाताळच्या सकाळी मुलांना खेळणी मिळतात, एवढं आपल्यालाही माहीत असतं. पण ती आईवडिलांनी दिली असं म्हणायचंच नाही. आणतात तेच, पण सांगायचं की रात्री सांता येऊन ठेवून गेला. बरं, नुसतं सांगून भागत नाही. मुलांनी झोपण्याआधी सांतासाठी दूध-बिस्किटं आणि त्याच्या हरणांसाठी गाजर ठेवायचं. मुलं झोपली की वडिलांनी बिस्किट अर्धं खाऊन ताटलीत चुरा ठेवायचा, गाजराला स्वतःचे दात लावायचे. सांताच्या खोक्यांना गुंडाळायचा कागद वेगळा, त्याची गुंडाळी मुलांच्या नजरेला पडता कामा नये. खोक्यावर नाव लिहायचं तेही अक्षर बदलून, नाहीतर मुलं आईचं अक्षर ओळखतात. मुलं सांताला पत्रं लिहितात, आणि त्यांना उत्तरं द्यायची परवानगी इथल्या टपाल खात्याने 1912 सालीच दिली आहे! आता तर अनोळखी लोक ती पत्रं घेऊन कुणाच्या तरी मुलांना खेळणी पाठवतात. मी बाईंना विचारलं, की कष्ट तुमचे आणि नाव त्याचं, हे कसं चालतं तुम्हाला? त्या हसल्या आणि त्यांच्या लहानपणची एक सकाळ सांगत बसल्या. बाकी सगळा दिवस एकीकडे आणि तो तास एकीकडे.

1960 सालची गोष्ट. बाई सात वर्षांच्या, भाऊ दहाचा. वडील काचेच्या कारखान्यात. या गावाला काचेचं शहरच म्हणतात. सिअर्स कंपनीचं नाताळचं जाडजूड सूचिपत्र घरी आलं की दोघं त्यातल्या खेळण्यांभोवती पेन्सिलीने गोल करत. नाताळला पहाटे पाचलाच जाग यायची, पण वडील खाली जाऊन झाडाचे दिवे लावून कॅमेरा हातात घेईपर्यंत जिन्यावरून उतरायची बंदी. दोघं सर्वांत वरच्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसायची. बाई म्हणाल्या, पुढे मिळालेली खेळणी विसरले, पण ती लाकडी पायरी पायांना किती गार लागायची ते अजून आठवतं.

त्या वर्षी त्यांना एच-अ-स्केच मिळालं, म्हणजे रेघा ओढून चित्रं काढायचं खेळणं. लाल चौकट, राखाडी पडदा, खाली दोन पांढऱ्या चकत्या. डावी फिरवली की आडवी रेघ, उजवी फिरवली की उभी. आत अॅल्युमिनियमची बारीक पूड असते, ती पडद्याला आतून चिकटते आणि एक टोक ती खरवडत जातं. हलवलं की सगळं पुसलं जातं. शोध एका फ्रेंच माणसाचा, पण बनायचं इथून तासाभरावर, ब्रायन नावाच्या छोट्या गावात. ते पहिलंच वर्ष, आणि मागणी इतकी की नाताळच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत कारखाना चालू होता. 2000 च्या सुमारास ते काम चीनला गेलं. बाई अजून त्याबद्दल हळहळतात. त्यांनी पहिलं काय काढलं, तर जिना. सरळ रेघा सोप्या. गोल काढायचा तर दोन्ही हात एकदम चालवावे लागतात.

भावाला सायकल मिळाली होती. पुढच्या हिवाळ्यात आईच्या कोटाच्या खिशात बाईंना दुकानाची जुनी पावती सापडली. इथे लेअवे म्हणून प्रकार असे. आपल्या हप्त्याच्या उलट. वस्तू दुकानदार मागच्या खोलीत ठेवून देतो, तुम्ही थोडे थोडे पैसे भरायचे आणि सगळे फिटल्यावरच ती घरी न्यायची. 1930 नंतरच्या मंदीत ते रूढ झालं. त्या माउलीने उन्हाळ्यापासून दर शुक्रवारी पैसे भरले होते. बाईंनी पावती होती तशी घडी घालून खिशात ठेवली आणि दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. सांता नाही, याचं वाईट वाटलं का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "नाही. आईला ते नाव हवं नव्हतं, मग मी कशाला घेऊ?"

बाबा, तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. मी पाचवीत असताना तुम्ही सायकल आणलीत आणि ऑफिसच्या सोडतीत लागली म्हणालात. त्याच वर्षी तुम्ही बस सोडून चालत जायला लागलात, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. मी अख्ख्या वर्गाला सांगत फिरले होते, माझे बाबा किती नशीबवान. सोडत खरंच होती का? पत्रात सांगा, फोनवर तुम्ही विषय बदलता.

आता कामाचं. या महिन्यात पैसे थोडे कमी येतील, बर्फासाठी गाडीचे टायर बदलावे लागले. कर्जाचा हप्ता त्यातून जाईल, उरतील ते डोळ्याच्या ऑपरेशनला. धाकट्याने मला सांगितलं, त्याला रागावू नका. बाबा, हप्त्यासाठी डोळा थांबवायचा नाही. मी असताना तरी नाही.

स्थळाचा फोटो पाहिला. मी नाही म्हणत नाहीये. पण दोन-तीनदा बोलल्याशिवाय "मुलगी तयार आहे" असं त्यांना कळवू नका. फेब्रुवारीत काकांकडच्या लग्नाला येता येणार नाही, रजा उरलेली नाही. काकूंना मी स्वतः फोन करीन. आई, तू सांगू नकोस, उगाच तुला ऐकून घ्यावं लागेल. मे महिन्यात येते. गेल्या वर्षीही मे म्हटलं होतं, ते आठवतंय मला.

तुमची,
छकुली

ता. क. सोबत दोन फोटो आहेत. दुसऱ्यात मी बारीक दिसते ती काळ्या कोटामुळे. जेवते आहे मी नीट.