मॉडेलिंगबरोबर रेंडरही शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने बनवतो. गेली चार वर्षं रात्री जेवणं झाली की तासभर ब्लेंडर या थ्रीडी चित्रं आणि फिल्म करायच्या सॉफ्टवेअरवर बसतो. यंदा गणपतीच्या देखाव्याच्या वेळी घरात जे घडलं, ते सीमाभागातल्या बऱ्याच पोरांच्या घरी घडत असणार, म्हणून हे पत्र.

माझा पुतण्या शहरातल्या एका क्लासला सहा महिने थ्रीडी शिकला. मॉडेलिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तूचा आकार घडवणं, त्याला उत्तम येतं. आमच्या मंडळाच्या एलईडी पडद्यासाठी त्याने किल्ल्यातली कमल बस्ती करायला घेतली. १२०४ सालची ती काळ्या दगडाची बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आणि तिच्या छतातून खाली उमललेलं ते कमळ! पोरगा दोन रविवार त्याच्याखाली मान वर करून उभा होता. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडून पाकळ्यांच्या कडा कशा वळल्यात ते बघायचा आणि वहीत उतरवायचा. ७२ पाकळ्या त्याने मनापासून केल्या.

मग रेंडर लावला, म्हणजे त्या मॉडेलवरून उजेड-सावलीसकट फिल्मची एकेक फ्रेम कॉम्प्युटरकडून काढून घ्यायला सुरुवात केली. क्लासमध्ये एवढंच सांगितलेलं : फोर-के (३८४० बाय २१६० ठिपके) ठेवायचं, बाकीच्या सेटिंग्जना हात लावायचा नाही. सायकल्स या ब्लेंडरमधल्या रेंडर इंजिनात सॅम्पल, म्हणजे एकेका ठिपक्यासाठी सोडायचे किरण, मुळातच ४०९६ असतात, ते तसेच राहिले. पहिल्या फ्रेमला ४१ मिनिटं लागली. ३० सेकंदांची फिल्म, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ७५० फ्रेम. हिशेब केला तर २१ दिवस, आणि चतुर्थी नऊ दिवसांवर. त्याने सरांना फोन केला. 'मशीन बदल, मोठं ग्राफिक्स कार्ड घाल' एवढंच उत्तर मिळालं. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी सोसायटीतून कर्जाचा फॉर्म घेऊन आला.

मी आधी पडदेवाल्याला फोन लावला. त्याचं पॅनेल अर्ध्या मीटरचं, दोन ठिपक्यांतलं अंतर ३.९१ मिलिमीटर, म्हणजे एका पॅनेलवर आडवे १२८ ठिपके. आमचा पडदा सात पॅनेल रुंद, पाच उंच. म्हणजे सगळे मिळून ८९६ बाय ६४०. फोर-केमध्ये याच्या चौदापट ठिपके असतात! जे पडद्यावर दिसणारच नाही, ते मोजायला कॉम्प्युटर रात्रभर तापत होता. रिझोल्यूशन पडद्याएवढं केलं आणि निम्मं काम तिथंच झालं.

उरला दाण्यांचा प्रश्न. बस्तीच्या आत उजेड येतो तो दारातून. सायकल्स एकेका ठिपक्यासाठी किरण सोडून बघतं, आणि अंधाऱ्या जागेत फार थोडे किरण दारापर्यंत पोचतात, म्हणून चित्रावर रवाळ दाणे उठतात. सॅम्पल वाढवत नेणं हा त्यावरचा सगळ्यात महाग उपाय. आम्ही दाराच्या मापाचा एरिया लाइट (ब्लेंडरमधला चौकोनी दिवा) दारात बसवून 'पोर्टल'ची खूण केली, म्हणजे बाहेरच्या आभाळाचा उजेड नेमका कुठून येतो ते त्याला कळतं. नॉइज थ्रेशोल्ड, म्हणजे किती दाणे चालतील ती मर्यादा, ०.०१ वरून ०.०५ केला आणि उरलेले दाणे पुसणारं डीनॉइज चालू ठेवलं. सॅम्पल आधी १०० ठेवून बघितले, तर पाकळ्यांच्या कडा वितळलेल्या मेणासारख्या दिसायला लागल्या. पोराची मेहनतच पुसली जात होती. ३०० वर कडा परत उठल्या, म्हणून तिथं थांबलो. त्याच जुन्या मशीनवर एका फ्रेमला ४० सेकंद.

पहिल्या रात्री त्याने आउटपुट सरळ एमपीफोर ठेवलेलं. मध्यरात्री वीज गेली आणि ती फाइल पुन्हा उघडलीच नाही. दुसऱ्या रात्री पीएनजी ठेवलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र, आणि झालेली फ्रेम पुन्हा करू नये म्हणून 'ओव्हरराइट'ची खूण काढली. त्याही रात्री वीज गेलीच, पण झालेल्या फ्रेम डिस्कवर शाबूत होत्या. वीज आल्यावर रेंडर पुन्हा लावला, तो पुढच्या फ्रेमपासून चालू झाला आणि सकाळी चहाच्या वेळेला ७५०वी फ्रेम पडली. फॉर्म भावाने कोराच परत दिला.

आमच्या कामात बिडाच्या जॉबचा पॅटर्न मीटरमागे १० मिलिमीटर मोठा करतात, कारण धातू गार होताना आकसतो. नवीन पोराला आम्ही हे पहिल्याच आठवड्यात सांगतो. रंधा कितीही सफाईने चालवला तरी एवढं माहीत नसेल तर जॉब रिजेक्ट. रेंडरचंही तसंच आहे, मग क्लासच्या सहा महिन्यांत त्याला दोन तास का मिळू नयेत? ब्लेंडर फुकट मिळतं, त्याच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, म्हणून तर खानापूर-निपाणीकडची शेतकऱ्यांची पोरंही ते शिकू शकतात. त्यांना कर्जात घालण्याआधी सॅम्पल म्हणजे काय हे कुणीतरी मराठीत समजावून सांगायला हवं.

आपल्या पेपरात शिक्षणाचं पान असतं. त्यावर आठवड्याला एक छोटा चौकोन या विषयाला द्यावा, ही विनंती. लिहिणारं कुणी मिळालं नाही तर मी लिहीन. आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना सांगणं एवढंच, की पडदा ठरवलात की त्याच दिवशी पॅनेलवाल्याकडून ठिपक्यांचा आकडा लिहून घ्या आणि फिल्म करणाऱ्या पोराच्या हातात द्या.

आपला,
एक पॅटर्नमेकर, बेळगाव