मन्याच्या डॉक्टरांना जाहीर आभार

आदरणीय डॉक्टर,

आमच्या मन्या बोक्याचा औषधाचा कोर्स संपला, त्यानंतरचे रक्ताचे रिपोर्टही चांगले आले. तुम्ही त्याला वाचवलंत त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय ते तुम्ही आम्हाला एफआयपी, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूतून होणारा जीवघेणा आजार, नीट समजावून सांगितलात म्हणून.

पोट टम्म फुगलेलं, पाठीचा कणा हाताला लागत होता, ताप अँटिबायोटिकला दाद देत नव्हता. तुम्ही सिरिंजने पोटातलं पाणी काढलंत, पिवळं आणि चिकट. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर ॲसेटिक ॲसिड घालून त्यात त्या पाण्याचा एक थेंब सोडलात आणि मला जवळ बोलावलंत. थेंब विरघळलाच नाही, आकार धरून सावकाश तळाशी गेला. ही रिव्हाल्टा चाचणी. लगेच हेही सांगितलंत, की एवढ्यावर निदान होत नाही. थेंब विरघळला असता तर मात्र एफआयपीची शक्यता बरीच कमी झाली असती. मग रक्तात अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या प्रथिनांचं गुणोत्तर 0.4 च्या खाली आलं, पोटातल्या पाण्याची पीसीआर (विषाणू शोधणारी चाचणी) झाली, तेव्हा कुठे तुम्ही आजाराचं नाव घेतलंत. हा सबुरीचा स्वभाव मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या दुसऱ्या मांजरीला, टिल्लीला घराबाहेर काढा, असं जो तो सांगत होता. तुम्ही समजावलंत, की मांजरांचा कोरोना विषाणू अनेक मांजरांच्या आतड्यात असतो आणि बहुतेकींना फार तर जुलाब होतात. थोड्या मांजरांच्या शरीरातच तो बदलतो, पांढऱ्या पेशींमध्ये वाढू लागतो, रक्तवाहिन्या सुजतात आणि पाणी झिरपतं. हा बदललेला विषाणू सहसा एकीकडून दुसरीकडे जात नाही. साधा विषाणू मात्र अनेकींत असतो, म्हणून नुसती अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे एफआयपी झाला असं नाही. माणसांच्या कोविडशीही याचा संबंध नाही. टिल्ली घरातच राहिली, ती तुमच्यामुळे.

पूर्वी या आजारावर इलाजच नव्हता. पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये जीएस-441524 या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: 31 आजारी मांजरांपैकी 26 जणींनी 12 आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. हे सांगताना तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. आजार उलटू शकतो, हेही बजावलंत. ताप लवकर उतरेल, त्याला भुलून औषध बंद करू नका, आणि वजन वाढेल तसा डोस वाढवावा लागेल, म्हणून दर आठवड्याला वजन करा, ही तुमची ताकीद आम्ही तंतोतंत पाळली. वजनकाट्यावर मन्याला बसवणं हे रोजच्या गोळीपेक्षा अवघड काम होतं.

त्याची चाल आणि डोळ्यांच्या बाहुल्या अजूनही रोज पाहते. काही वेगळं दिसलं तर लगेच घेऊन येईन. आणि एक विनंती: तुमच्याकडे कुणाच्या मांजराला एफआयपी निघाला, तर त्यांना माझा नंबर जरूर द्या. गोळी कशी भरवायची, ते मी स्वतः जाऊन दाखवेन.

तुमची ऋणी,
मन्या आणि टिल्लीची आई